गुहेच्या तळ्याकाठी काढलेल्या चपला

आमच्या वाडीतल्या बावखलाच्या काठी चपला घालून कोणी जात नाही. केळीला, पानवेलीला त्याच तळ्याचं पाणी आणि देवाच्या कळशीतही तेच. सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं, मी पाळलं. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

गेल्या वर्षी मुलगा आणि सून मला एका परदेशी बेटावर घेऊन गेले. तिथे जमिनीखाली गुहा आहे आणि गुहेत तळं. बघण्यासारखं आहे, खोटं कशाला बोलू. छतातून वितळल्या मेणासारखे दगड लोंबतात, पाणी निळं, तळ दिसतो. होडीत चढताना मी सवयीने चपला काठावर काढल्या. अंधारात कोणाचं लक्ष गेलं नाही.

होडीने पलीकडे सोडलं आणि ती रिकामीच परत गेली. बाहेर पडायची वाट पुढूनच, खडबडीत दगडांची चढण. दोन पावलांत तळव्याला टोचलं. मला साखर आहे, पायाची जखम भरत नाही. मी थांबले. छत डोक्याला टेकत होतं, मागे माणसं खोळंबलेली. विहिरीत पडलेल्या मांजरासारखं झालं.

"आई, चपला कुठायत?" सुनेने विचारलं. ती तुळिंजला फ्लॅटमध्ये वाढलेली.

"पाण्याकाठी."

"इथे कुठे देव आहे?"

"पाण्याला देव कशाला लागतो?"

"मग आता चपलांसाठी होडी पाठवा."

मुलाने गाइडला विचारलं. चपला शेवटच्या फेरीनंतर मिळतील, तो म्हणाला. हवं तर स्ट्रेचरवरून वर नेऊ. मुलगा लगेच हो म्हणाला.

"आडवी नेऊ नका मला," मी म्हटलं. "त्याला अजून वेळ आहे."

"आई, हट्ट करू नकोस. पायाला लागलं तर?"

"मग बसते इथेच."

मागचे लोक त्यांच्या भाषेत कुरकुरायला लागले. वरून मानेवर पाणी ठिबकत होतं. श्वास पुरेना. खरंच बसावं लागेल असं वाटलं.

सून खाली वाकली, आपले बूट काढले, माझ्या पायांत घातले आणि नाड्या करकचून बांधल्या. बूट मोठे होत होते. ती मोज्यांवर पुढे, मी तिचा खांदा धरून मागे. अशी सबंध चढण चढलो.

वर ऊन होतं. तिच्या एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तिने बूट मागितले नाहीत. मीही दिले नाहीत. गाडीपर्यंत ती तशीच चालली.