कोऱ्या नळीतल्या सावंत मॅडम

आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिला. गावी कुणी आजारी पडलं की आधी अंगारा लावायचे, त्यावरून मी आईशी भांडायचो. म्हणून हे लिहिताना अवघड वाटतंय... पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

मी पवईच्या एका डीएनए लॅबमध्ये आहे. मला काम शिकवलं सावंत मॅडमनी. प्रत्येक तपासणीत नमुन्यांबरोबर एक नळी नुसत्या पाण्याची ठेवतात. तिच्यात कुणाचाच डीएनए सापडता कामा नये, ती कोरीच निघाली पाहिजे. मॅडम मालवणीत म्हणायच्या, "आधी पाणी बघ रे, मगे रगात." मागच्या वर्षी त्या वारल्या. त्यानंतर लॅब कांजूरमार्गहून इथे आली – नवी इमारत, नवी उपकरणं. मॅडमनी ही जागा पाहिलीही नव्हती.

चारकोपच्या एका कारखान्यात सुरा भोसकून खून झाला. पोलिसांनी तिथल्याच एका कामगाराला धरलं. दोन मुलींचा बाप. सुऱ्याच्या मुठीवरचा डीएनए त्याच्याशी तंतोतंत जुळला. म्हणजे संपलंच त्याचं.

मी सवयीने पाण्याची नळी पाहिली. कोरी नव्हती. आमच्यापैकी कुणाची थुंकी चुकून पडली तर कळावं म्हणून आजी-माजी सगळ्या स्टाफचे डीएनए कॉम्प्युटरवर असतात. ताडून पाहिलं...

सावंत मॅडम.

शेजारी माझा सहकारी तुषार होता. त्याने स्क्रीनवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, "सोड ना यार. सुरा तर मॅच झालाय. पोलीस डोकं खातायत."

"पाणी खराब म्हणजे रिपोर्ट रद्द. नियम आहे."

"आणि सरांना काय सांगणार? मॅडम येऊन गेल्या?"

"तूच सांग, काय सांगू."

त्याने मान डोलावली आणि नवे ग्लोव्हज घातले.

सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी पाणी कोरं. आणि मुठीवरचा डीएनए त्या कामगाराचा नव्हताच, भलत्याच कुणाचा होता. आधीच्या वेळी सुऱ्याच्या नळीत तुलनेसाठी घेतलेलं त्या कामगाराचंच रक्त चुकून गेलं असणार. पाणी बिघडलं नसतं तर मी सही करून तो रिपोर्ट पाठवला असता.

मॅडमचा डीएनए आला कुठून, हे आमच्या लॅबप्रमुख सरांनी आठवडाभर शोधलं. त्यांची एकही वस्तू या इमारतीत निघाली नाही.

परवा तो माणूस सुटून मुलींसोबत गेटवर आला, हातात पेढे. म्हणाला, "पुन्हा तपासा असं कोण म्हणालं, साहेब? त्यांच्या पाया पडायचंय."

मी तुषारकडे पाहिलं.  "सावंत मॅडम," मी म्हणालो, "पण त्या आता नाहीत."