मिलिमीटरचं बोट

आमच्या गावात कवळ्या करणारी दोनच माणसं नावाजलेली, एक मी आणि दुसरा तो. मी आधी आलो, कारण गोष्ट मी सांगतोय. दुकानं समोरासमोर, मध्ये रस्ता. त्याला सगळे मिलिमीटर म्हणतात. गिऱ्हाईक म्हणालं, "थोडं टोचतंय," की हा विचारणार, "थोडं म्हणजे किती मिलिमीटर?" अरे बाबा, त्या म्हातारीला काय ठाऊक? पण त्याचं काम असं, की तोंडात कवळी आहे हे माणूस विसरून जायचा. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

नव्या कवळीत एखादा दात जरा उंच राहतो. तो शोधायला आम्ही निळा कागद वापरतो. कागद दातांमध्ये धरून चावलं की उंच दातावर डाग उमटतो, तेवढा घासायचा. मिलिमीटर कागदाला हात लावत नसे. वरच्या दातांवर बोट टेकवायचा, गिऱ्हाइकाला खालचा जबडा टकटक आपटायला लावायचा आणि म्हणायचा, "उजवीकडची मागची दाढ." बरोबर तीच निघायची. माझ्या बोटाला ते कधी जमलं नाही. जळफळाट व्हायचा, दुसरं काय.

चार महिन्यांपूर्वी त्याची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून माझ्याकडे यायला लागली. आधी एक, मग अधूनमधून कोणी ना कोणी. "त्यांना सांगू नका हं, पण चावताना दुखतं." मी कागद धरायचो. डाग भलताच मोठा. घासून द्यायचो आणि वर म्हणायचो, "हिरड्या बदलतात हो, त्याची चूक नाही." केवढा माझा मोठेपणा. खरं सांगायचं तर आतून गुदगुल्या होत होत्या.

आमच्या कारागिरांचं दरवर्षी अधिवेशन भरतं. पहिल्या दिवशी आम्हा दोघांपैकी एकाने दुसऱ्याला व्यासपीठावरून यथेच्छ सोलायचं, असा जुना पायंडा. मागच्या वर्षी तो म्हणाला होता, "दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण याच्या दुकानात जन्मली. याची कवळी फक्त दाखवायची." यंदा पाळी माझी होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिमीटरचं प्रात्यक्षिक होतं. दीडशे कारागिरांसमोर, कागदाशिवाय, नुसत्या बोटाने.

निघायच्या आदल्या दुपारी वहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्या दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"भावजी, साखरेच्या आजाराने त्यांची बोटं बधिर झालीत. परवा गरम पातेलं धरलं, फोड आला तरी त्यांना कळलं नाही. कोणाला सांगत नाहीत, मलाही कबूल करत नाहीत. तिथे सगळ्यांसमोर हसं होईल हो त्यांचं. तुम्ही काहीतरी करा. पण मी आले होते हे कळू देऊ नका."

ज्याचं बोट आयुष्यात चुकलं नाही ते एकाएकी चुकायला लागलं, तर का चुकतंय हे विचारायला नको? मी विचारलंच नव्हतं. वहिनी गेल्यावर मला स्वतःची लाज वाटली आणि त्या दिवशी माझ्याने काम झालं नाही.

अधिवेशनात मिलिमीटर पहिल्या रांगेत बसला होता, हाताची घडी घालून, बोटं काखेत दडवून. मी माईक धरला.

"मंडळी, हा घरात घड्याळासाठी खिळा ठोकणार होता. नऊ वर्षं मोजतोय. घड्याळ अजून जमिनीवर आहे, वहिनी वाकून वेळ बघतात." लोक हसले. तोही हसला. "आता याचं गुपित फोडतो. बोट, बोट म्हणून मिरवतो ना, ते का माहितीये? याला कागद वापरताच येत नाही. शिकलाच नाही. पैज लावतो, उद्या याच्या हातात कागद द्या, कुठून धरायचा तेही याला कळणार नाही."

लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. "कागद, कागद" असा गलका झाला. मिलिमीटर उभा राहिला. चेहरा हसरा, पण नजर माझ्यावरून हलेना. "उद्या कागदानेच करतो," तो म्हणाला. "याचे दात याच्याच घशात घालतो."

आणि घातले. कागद उचलताना दोनदा निसटला, लोकांना वाटलं मुद्दाम सोंग करतोय. मग त्याने डाग बघितला, घासलं, पुन्हा बघितलं. बोट गेलं तरी डोळे अजून त्याचेच होते. टाळ्या थांबेनात. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

बाहेरच्या व्हरांड्यात त्याने मला गाठलं.

"कागदाचं तू उगाच काढणार नाहीस. माझी माणसं येतात ना तुझ्याकडे?"

"येतात."

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

"पहिलं आलं तेव्हाच मला का नाही सांगितलंस?"

तुला वाईट वाटेल म्हणून, असं म्हणणार होतो.

"माझं सोड," तो म्हणाला. "मला वाटायचं बोट अजून थोडं तरी सांगतंय. तू एकदा बोलला असतास तर मी तिथेच थांबलो असतो. त्यानंतर मी किती जणांना तसल्या कवळ्या दिल्या. लोक कळ सोसून जेवले. किती आले तुझ्याकडे?"

"अकरा," मी ताडकन म्हणालो.

त्याने कार्यक्रमपत्रिका उलटी केली आणि पेन मुठीत धरलं. "सांग कोण कोण. प्रत्येकाच्या घरी जाऊन माफी मागायचीय मला."

मी सांगायला लागलो. शाळेतल्या निवृत्त बाई. टपालवाला. शिंप्याची सासू. सहा झाले आणि मी अडकलो. डोळे मिटले, डोकं खाजवलं, पुढचं माणूस काही आठवेना. प्रत्येक जण दाराबाहेर पडला की मी मनात एक वाढवत होतो, तेवढंच केलं होतं.

"अकरा म्हणालास ना?"

"अकराच आहेत."

मग वेड्यावाकड्या अक्षरात त्याने खाली सात, आठ, नऊ, दहा, अकरा असे नुसते आकडे घातले आणि कागद माझ्या हातात दिला.

"आठवतील तसे भर," तो म्हणाला.