आपल्याच रक्ताची फवारणी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचे हे नाशिकच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते आणि मी दिंडोरीच्या मळ्यात, द्राक्षांचे क्रेट ठेवायच्या खोलीत कोंडलेली. मलाही झाला होता. बाहेरून कडी सासूबाईंनी घातली होती, का तर म्हणे मी सवयीने बाहेर येईन. ताट उंबऱ्यावर ठेवायच्या आणि पलीकडे ओट्यावर बसून राहायच्या. असा संताप व्हायचा माझा! जनावराला तरी मोकळ्या हवेत बांधतात.

एका दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. विषाणू आता जवळजवळ संपलाय, म्हणाल्या, पण फुफ्फुसं बिघडतच चाललीत. मला काही उमगेना. रोग गेला तर माणूस बरा व्हायला नको? मग त्यांनी नीट सांगितलं. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात, एरवी गप्प पडलेली. जंतू आला की एक दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि सगळी मिळून त्याला चिकटतात, भोकं पाडतात. यांच्या अंगात ती उठली ती शांतच होईनात. आता फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांवरच तुटून पडली होती. म्हणजे कुंपणच शेत खात होतं. हा भडका विझवायला इंजेक्शन द्यायचं होतं. त्याने प्रतिकारशक्ती दबणार होती, दुसरा एखादा संसर्ग शिरायची भीतीही होती. आणि आमचे हे मास्कमधून नको नको करत होते, म्हणून त्या माझा होकार मागत होत्या.

का, ते मला विचारायची गरज नव्हती. द्राक्षवाल्याचं डोकं ते! आभाळ भरून आलं की डावणीची बुरशी पडायच्या आधीच फवारायचं, आणि पानावर डाग दिसला तर वरून अजून एक हात. फवारणी थांबवली म्हणजे बाग सोडून दिली. घरी असताना इम्युनिटी वाढावी म्हणून काढे ढोसले होते, आता तीच दाबायची म्हटल्यावर हा माणूस कसला ऐकतोय.

फोन स्पीकरवर होता, सासूबाई दाराआडून सगळं ऐकत होत्या. त्यांनीही नकोच म्हटलं. ताकदच काढून घेतली तर पोरगं लढल कशानं, असं त्यांचं म्हणणं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. हो म्हणावं आणि काही झालं, तर जन्मभर माझ्या कपाळी. नाही म्हणावं, तर तिकडे श्वास संपत चाललाय. दाराला डोकं टेकून मी ढसाढसा रडले. मग डॉक्टरीणबाईंना म्हटलं, फोन यांच्या कानाशी धरा.

"अहो," मी म्हणाले, "डावणी गेल्यावरही तुम्ही फवारत राहिलात, तेव्हा पानं कशाने जळली? औषधानेच ना? मग साध्या पाण्याने बाग कुणी धुतली? तुम्हीच. आताही रोग गेलाय, आपल्याच रक्ताची फवारणी जाळतेय. धुऊ द्या त्यांना."

पलीकडून ऑक्सिजनचा सूं सूं आवाज येत होता. मग डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. यांनी हो म्हणून मान हलवली, म्हणाल्या.

ते वाचले. धाप अजून लागते, पण घरी आहेत. त्या दुपारी मात्र हे कुणाला ठाऊक होतं? मी फोन ठेवला. आता सासूबाईंच्या शिव्या बसणार, मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात दाराची फळी जराशी आत दबली. त्या पाठ टेकून खाली बसल्या होत्या.

"ऐक," त्या म्हणाल्या, "त्याचं काय बरंवाईट झालं, तर लोकांना सांगायचं, आम्ही दोघींनी हो म्हटलं. एकटीनं नाय घ्यायचं अंगावर."