गव्हाला वळसा

अमडापूरला माझं पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. दुपारी लाइट गेली की भरलेली मोटार तपासता येत नाही. शेजारी आमचा शिंपी दोस्त. त्याने पायाचं मशीन विकून विजेचं घेतलं, त्यामुळे तोही त्याच वेळी हात झटकून माझ्याकडे येतो. तिसरा ट्रॅक्टरवाला. त्याची वांगी-फुलकोबी आणि हरभऱ्याची शेती गावालगतच आहे. आम्ही तिघंही पन्नाशीकडे झुकलेलो आणि या वयात मोबाइलवर रणगाड्यांची लढाई खेळतो. घरच्यांना हे माहीत आहे. त्यांनी त्यावर बोलणं सोडून दिलं आहे.

समोरचे लोक कुठले असतात, देव जाणे. खेळात एका रणगाड्यात तिघं बसतात. एक चालवतो, एक तोफ डागतो आणि तिसरा वरच्या झाकणातून डोकं काढून चहूकडे पाहतो. रणगाड्याची चेन तुटली तर खाली उतरून ती जोडायची, हेही तिसऱ्याचंच काम. चालवायला ट्रॅक्टरवाला, तोफेवर शिंपी आणि तिसरा मी.

सुरुवातीला आम्ही सारखे मरायचो. मग हळूहळू कळत गेलं. रणगाड्याचा पत्रा पुढून सगळ्यात जाड, बाजूला पातळ आणि मागे तर नुसता डबा. म्हणून तोंड नेहमी शत्रूकडे, तेही थोडं तिरपं, म्हणजे गोळा घसरून जातो. एका जागेवरून दोनदा डागायचं नाही. डागलं की मागे सरकायचं. ट्रॅक्टरवाल्याला उतार पाहताच समजायचा. एखाद्या धुऱ्याआड, म्हणजे बांधाआड, गाडी तो अशी लावायचा की तोफ तेवढी वर राहायची, बाकी सगळं मातीआड. मी ओरडायचो, "उगवतीले दोन. एक लिंबापाशी." झाड कुठलंही असो, आमच्या बोलण्यात ते लिंबाचंच. शिंपी श्वास धरायचा, "रुक... रुक जरा," आणि सुईत दोरा ओवल्यासारखा गोळा सोडायचा.

ट्रॅक्टरवाल्याची एक खोड होती. एका मैदानात मधोमध उभा गहू आहे. शहाणा खेळाडू त्यातून सरळ जातो. हा कधीच गेला नाही. गहू आला की वळसा घालून कडेकडेने जायचा, आणि त्या वळशात आमची बाजू शत्रूसमोर उघडी पडायची.

"अबे, खोटा हाय तो गहू," शिंपी म्हणायचा.

"माईत हाय ना मले," तो म्हणायचा आणि तरीही वळसा घालायचा.

एक दिवस त्या वळशातच चेन तुटली. मी खाली उतरलो. जोडायला दहा सेकंद लागतात. समोरून दोन रणगाडे येताना दिसत होते, पण ते लांब होते. वेळ होता. पण त्या आठवड्यात मी एकोणचाळीस लढाया न मरता काढल्या होत्या आणि माझ्या नावापुढे तो आकडा दिसायचा. मी जोडायला वाकलोच नाही. पळालो आणि एका पडक्या भिंतीआड बसून राहिलो. रणगाडा जागीच जळाला. दोघं आत होते.

जो तो आपापल्या काचेत बघत असतो. मी काय केलं ते कुणाला दिसलं नाही. मी फोन खाली ठेवला आणि म्हणालो, "गव्हानं मारलं आपल्याले."

शिंपी हसला आणि त्याने ते चहाच्या टपरीपर्यंत नेलं. आठ दिवसांत ट्रॅक्टरवाल्याचं नाव गहूवाला पडलं. लोक त्याला विचारायचे, काय हो, यंदा मोबाइलमधल्या गव्हाचा उतारा कसा? तो हसून पुढे जायचा. मग त्याने दुकानात येणं थांबवलं. बोलावलं की म्हणायचा, पाणी द्यायचं आहे. त्याच्या जागी मी चालवू लागलो आणि आम्ही रोज हरलो. खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी महिनाभर गप्प बसलो, आणि त्या महिन्यात मला स्वतःचीच लाज वाटत राहिली.

शेवटी मी त्याच्या शेतावर गेलो. हरभऱ्यात तो स्प्रिंकलरचे पाइप बदलत होता. मी दुसरं टोक उचललं.

"काऊन आला? मोटार तं चालू हाय माही."

"मोटारीसाठी नाही आलो. त्या दिवशी चेन मी जोडलीच नाही. भिंतीमागं जाऊन लपलो."

तो चालत राहिला. "दहा सेकंद होते?"

"होते."

पाइप जागेवर बसवून तो म्हणाला, "मी घरी एकटाच खेळून पाह्यलं. गव्हात गाडी घालाची सवय कराव म्हणून. बोट तिकडं वळतच नाही बे. वाटलं, माह्यानंच तुमी दोघं हरता, तं कायले जाव."

मी पुढचा पाइप उचलला.

"शिंप्याले सांगतलं का?"

"नाही."

"मंग त्याले सांग. माह्यासमोर सांग."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, स्टुलावर बसला, आणि मी सगळं सांगितलं. शिंप्याने गळ्यातली टेप काढून ठेवली.

"म्हंजे मी अंदर जळून राह्यलो, आन् तू भिंतीमागून पाहून राह्यला होता?"

"हाव."

"किती झाले होते तुह्ये, न मरता?"

"एकोणचाळीस."

"शरम कर. चाळीस तरी पुरे कराचे."

ट्रॅक्टरवाला त्या दिवशी पहिल्यांदा हसला. मग शिंपी त्याच्याकडे वळला. "तुले गहूवाला म्या करून ठेवलं. टपरीवर जाऊन मीच सांगतो, पळपुटा हा होता." आणि तो खरोखर उठून गेला. टपरीवरचे लोक माझ्या दुकानाकडे वळून पाहताना मी बसल्या जागेवरून पाहिले. वाईट वाटलं नाही. खूप दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

शिंपी परतल्यावर ट्रॅक्टरवाल्याने फोन काढला. "गव्हातून मी जाणार नाही, हे पक्कं. आता बोला, काय कराचं."

आम्ही बोललो. शत्रूची नजर गव्हावर असते, कारण सगळे तिथूनच जातात. मग वळसा घालायच्या आधीच शिंप्याने तोफ शत्रूकडे फिरवून ठेवायची, कोपऱ्यावर गाडी थांबवायची आणि मी आधी डोकावून पाहायचं. निम्म्या वेळा हे जमतं. निम्म्या वेळा आम्ही तिथेच उडतो.

चेन आजही तुटते. मी उतरलो की ट्रॅक्टरवाला फोनमधून मान वर न करता विचारतो, "उतरला का?"

"उतरलो."

"जोडून राह्यला का?"

"जोडून राह्यलो."

तो दर वेळी विचारतो. त्याने विचारावं, हे मला बरोबर वाटतं. मी चेन जोडत मोठ्याने सेकंद मोजतो, म्हणजे त्याला ऐकू येईल, आणि बहुतेक वेळा सातआठच्या आसपास मरतो.