पायातली चप्पल

आमच्या व्यसनमुक्तीच्या बैठकीत चपला दाराबाहेर काढायची रीत आहे. आज नवा आलेला माणूस मात्र चपला घालूनच दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. ते पाय बघून मला वाटलं, हा उठणार आणि सरळ गुत्त्यावर जाणार.

कामाची पाळी संपवून आलो होतो, अंग आंबलं होतं. पूर्वी मी उपदेशच सुरू केला असता. पण याच बैठकीत मला सावरणाऱ्या काकांनी शिकवलंय, सांगायचं नाही, विचारायचं.

"भाऊ, दारू सोडावी असं दहापैकी किती वाटतं?"

"दोन."

"मग शून्य का नाही?"

तो आपल्या चपलांकडे बघत म्हणाला, "पोरगी माझ्या शेजारी जेवायला बसत नाही आता."

माझी शाळा सातवीत सुटली. तोवर प्रश्नामागून छडी येते, एवढंच ठाऊक होतं. उत्तर ऐकण्यासाठीही कुणी प्रश्न विचारतं, हे कळायला कामासाठी घरापासून इतक्या लांब, या बैठकीत यावं लागलं.

"तुमचे किती आज?" त्यानं विचारलं.

खोटं बोलवेना. "दोन वर्षं झाली सोडून. पण आज फार थकलोय. सहा."

"घ्या! मास्तरच घसरले." तो हसला. "मग पाच का नाही?"

"तुम्ही अजून उठला नाहीत म्हणून."

तेवढ्यात तो उठलाच. दाराबाहेर गेला. मी दाराकडे बघत राहिलो.

तो परत आला, अनवाणी.