ओळ संपेपर्यंत

निखिलचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात मी हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात टोस्टला लोणी लावत बसले होते. "आत्या, बाबा इज गॉन," तो म्हणाला. "झोपेतच. आई इज ओके. यू कम, प्लीज." मी "निघाले" म्हटलं, फोन ठेवला, जागेवर परत आले आणि तो टोस्ट उभ्या उभ्या शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. का खाल्ला, कुणास ठाऊक. दादाचं हृदय थकलंय हे मला वर्षभर माहीत होतं, त्याचे सगळे रिपोर्ट मीच वाचत होते. तरी त्या दिवशी मला काही कळलेलं नव्हतं हेच खरं. त्याला आता सहा आठवडे होतील. या पुरवणीसाठी दादावर लिही, असं पुण्याहून पत्र आलं तेव्हा मी लगेच हो म्हणून बसले, आणि तेव्हापासून रोज कागद पुढे ओढते आणि परत सारते…

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पोटापाण्याला मेकॅनिकल इंजिनियर, शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये वीस वर्षं राहिलेला, चारचौघांत उठून दिसणार नाही असा माणूस. पण त्याच्याकडे एक हवाईयन गिटार होती. पुण्यात कॉलेजात असताना कॅम्पातल्या एका गोवेकर मास्तरांकडे तो ती शिकला. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. बोटं तारेला टेकतच नाहीत, त्यामुळे सूर एकातून दुसऱ्यात ओघळत जातात. तेव्हा लग्नकार्यात, गॅदरिंगमध्ये या वाद्यावर सिनेमाची गाणी वाजायची आणि माणसं माना डोलवायची. अमेरिकेत आल्यावर दादा दर गणपतीत कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये ती वाजवी. पहिल्या गाण्याला मुलं वर टीव्हीकडे पळत, दुसऱ्याला पुरुषमंडळी कॉफीकडे. "दादा, तुझ्या गिटारीच्या पोटात सारखं दुखत असतं का रे?" असं मी त्याला सगळ्यांदेखत विचारायची. तो हसायचा. त्याला राग येत नसे, हीच माझी मोठी अडचण होती.

मास्तरांच्याही आधी त्याचा हात घडवला होता आमच्या वडिलांनी, नानांनी. नानांना नाट्यसंगीताचं वेड. संध्याकाळी ऑफिसातून आले की ते गायला बसत आणि दहा वर्षांचा दादा पेटीवर. नानांचा नियम एकच: गाणाऱ्याचा सूर ज्या श्वासात निघाला, त्याच श्वासात पेटीचा निघाला पाहिजे. ते जिथे वळतील तिथे वळायचं, थांबतील तिथे त्यांची जागा धरून ठेवायची. दादा इतका तयार झाला की नाना पुढे काय घेणार हे नानांच्या आधी त्याच्या बोटांना कळायचं. मी मात्र दुसऱ्या टोकाची. मी भूलतज्ज्ञ आहे. माणसांना गप्प करणं हा माझा पेशा, पण स्वतःला गप्प करणारं औषध मला अजून सापडलेलं नाही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं मीच पुरं करून टाकते. यावरून घरात माझी यथेच्छ टिंगल चालते.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. ऑपरेशनच्या आधी तपासायला म्हणून एक सत्तरीचे गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. ते पेशंट, म्हणून खरं नाव सांगत नाही, क्रेन म्हणू. स्वरयंत्राचा कॅन्सर. नऊ दिवसांनी अख्खं स्वरयंत्र काढायचं ठरलेलं, म्हणजे आवाज कायमचा जाणार. क्रेन तरुणपणी कंट्री म्युझिक गायचे. शेतांची, ट्रकांची, सोडून गेलेल्या माणसांची साधी गाणी. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या काही रेकॉर्डही निघाल्या होत्या. बायको गेल्यावर त्यांनी तिच्यासाठी एक गाणं केलं होतं आणि ते कधी रेकॉर्ड केलेलं नव्हतं. "आवाज आहे तोवर ते एकदा गाऊन ठेवायचंय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. गिटार, बास सगळं जमलं होतं, अडलं होतं स्टील गिटारपाशी. त्यांचा जुना साथीदार वारला होता, आणि हल्लीचे सगळे पेडलवाले. पायाखालचं पेडल दाबलं की तारा आपोआप ताणल्या जातात आणि सूर बदलतो. क्रेनना ते नको होतं. "माझ्या गाण्यात पाय कधी नव्हते, हातच होता," ते म्हणाले. "मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती ना? माझा भाऊ वाजवतो!" मी म्हणून गेले. त्यांचं बोलणं संपायच्या आत, अर्थातच.

दादा आधी घाबरला, मग हरखला. आठवडाभर त्याने क्रेनच्या जुन्या रेकॉर्ड बेसमेंटमध्ये लावून लावून ऐकल्या. सर्जनच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. मी सोबत असेन या अटीवर परवानगी मिळाली. गाठीमुळे क्रेनचा गळा आतून अरुंद झाला होता. जोर पडून सूज आली असती तर नुसता आवाजच नाही, श्वासही अडकला असता. ऑपरेशन गुरुवारी, रेकॉर्डिंग मंगळवारी. बर्फातून गाडी चालवत मी दादाला बजावत होते, "हे बघ, ते फार तर चारदा गाऊ शकतील. पाचव्यांदा मी त्यांना गाऊ देणार नाही. समजलं?" दादा मांडीवरच्या गिटारीच्या केसवर नुसती बोटं फिरवत होता.

स्टुडिओ एका बंद पडलेल्या शाळेत होता. काचेच्या अलीकडे रेकॉर्डिंग करणारा डेल आणि कानाला हेडफोन लावून मी, पलीकडे क्रेन आणि वादक. पहिल्या ओळीलाच माझ्या अंगावर काटा आला. आवाज फाटका होता, पण माणूस खरं बोलत होता. आणि त्यांच्या पहिल्या शब्दाबरोबर दादाची गिटारही सुरू झाली. क्रेन वर गेले की दादा वर, खाली आले की दादा खाली. मला वाटलं, वा, काय साथ धरलीय! पाचव्या ओळीला क्रेन थांबले. "मित्रा, तू माझ्याबरोबर गातोयस. माझं होऊ दे, मग तू बोल." दादाने मान डोलवली. दुसऱ्या वेळी पहिलं कडवं त्याने निभावलं, दुसऱ्यात क्रेननी एक सूर लांबवला आणि दादाची कांडी आपसूक त्यांच्यामागे निघाली. पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळीही तेच, तिसऱ्या कडव्यात. त्याने रेकॉर्ड ऐकल्या नव्हत्या असं नाही. त्याला सगळं कळत होतं, पण नानांनी हाताला लावलेलं वळण नुसतं कळून थोडंच जातं!

मला हेडफोनमधून आता वेगळंच ऐकू येत होतं. क्रेन श्वास आत घेत तेव्हा शिट्टीसारखा एक बारीक आवाज येत होता. पहिल्या वेळी तो नव्हता. तिसऱ्या वेळी तो दोन ओळींच्या मध्ये स्पष्ट होता. हा आवाज भूलतज्ज्ञाला झोपेतही ओळखू येतो, तो म्हणजे श्वासाची वाट बंद होऊ लागली आहे. मी उठून आत गेले आणि म्हणाले, पुरे. क्रेननी एकच बोट वर केलं. आणखी एकदा. मी दादाकडे वळले आणि मराठीत त्याच्यावर तोंड सोडलं. "अरे, त्या माणसाचा आवाज परवा कायमचा जाणार आहे आणि तू तो वाया घालवतोयस! सिंपल गोष्ट आहे यार, मधल्या गॅपमध्ये वाजव ना फक्त!" दादाचा चेहरा पांढरा पडला. "बेबी, माझ्याने नाही होणार," तो म्हणाला. "त्यांना सांग, माझ्याशिवाय करा." भाषा कळली नाही तरी क्रेनना भांडण कळलं असावं. ते सावकाश दादाशेजारच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझी बायको कशी होती सांगू? मी दिवसभराचं रडगाणं सांगायचो. ती मध्ये एक शब्द बोलायची नाही. माझं पुरतं संपलं की क्षणभर थांबायची, आणि मग एखादंच वाक्य. तुला बाकी काही करायचं नाही. तेवढं एक वाक्य." दादाने शर्टाला तळहात पुसला आणि कांडी उचलली.

चौथी वेळ. पहिलं कडवं झालं. ओळ संपायची, क्षणभर काहीच नसायचं, मग दादाचे दोन-तीन सूर यायचे आणि गप्प व्हायचे. दुसरं कडवं. शिट्टी वाढत होती. माझ्या बॅगेत लागेल ते सगळं होतं, आणि ते वापरायची वेळ येऊ नये म्हणून मी देवाचं नाव घेत होते. तिसरंही झालं. फक्त शेवटची ओळ उरली. क्रेननी श्वास घेतला, तोंड उघडलं… आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा. बास वाजत राहिला, गिटार वाजत राहिली, मध्ये भलंमोठं भोक. सगळे दादाकडे बघत होते. तो सूर भरू शकत होता. नुसता भरू शकत होता असं नाही, ज्याच्यासाठी त्याचा हात लहानपणापासून तयार केला होता तो क्षण हाच होता, गाणारा थांबला तर त्याची जागा धरून ठेवायचा. "वाजव ना रे, दादा!" मी काचेअलीकडून ओरडले. डेलचा हात मशीन बंद करायला पुढे गेला. दादाची कांडी तारांच्या वर बोटभर अंतरावर होती. ती खाली आली नाही. मग क्रेन माइकच्या अगदी जवळ गेले आणि ती ओळ त्यांनी नुसती बोलून टाकली, शेजारच्या माणसाशी बोलावं तशी. दार लोटलेलंच आहे, सवडीने ये, अशा अर्थाची. आणि त्यानंतर, क्षणभर थांबून, दादा वाजवायला लागला. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. डेल डोळे पुसत होता आणि मी क्रेनचे श्वास मोजत होते.

परतीच्या वाटेवर मी त्याला सोडलं नाही. "का नाही वाजवलंस? मशीन बंद होणार होतं, सगळं फुकट गेलं असतं!" दादा खिडकीबाहेर बघत होता. तो म्हणाला, "त्यांचं संपलं नव्हतं ना, बेबी." एवढंच. मला ते तेव्हा फारसं पटलं नाही.

गुरुवारी क्रेनना भूल मीच दिली. मास्क जवळ नेला तेव्हा त्यांनी हाताने अडवला. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि शब्द फुटायला फार वेळ लागत होता. सर्जनने घड्याळाकडे पाहिलं. माझ्या जिभेवर "डोन्ट वरी, सगळं ठीक होईल" आलेलंच होतं, पण ते मी गिळलं आणि थांबले. "तुझ्या भावाला सांग," ते कुजबुजले, "मी ती ओळ म्हणेन असा भरवसा फक्त त्याला होता." त्या गळ्यातून निघालेलं ते शेवटचं वाक्य. संध्याकाळी मी ते दादाला सांगितलं तेव्हा तो उठून बेसमेंटमध्ये गेला आणि जेवायला हाक मारेपर्यंत वर आला नाही.

त्यानंतर दादाला एक सवय लागली, की आधीपासूनच होती आणि माझं लक्ष नव्हतं, देव जाणे. समोरच्याचं बोलणं संपलं की तो लगेच उत्तर द्यायचा नाही. फोनवर तर मी वैतागून "हॅलो? हॅलो?" करायची. तो म्हणायचा, "आहे गं. तुझं झालं का बघत होतो." गेल्या वर्षी हृदयाने दगा दिल्यावर हे थांबणं लांबत गेलं, कारण त्याला वाक्याच्या मध्येच दम लागू लागला.

तो गेला त्याच्या तीन दिवस आधी, रविवारी, मी त्याच्याकडे गेले होते. जिना उतरायची मनाई असूनही स्वारी बेसमेंटमध्ये खुर्चीत बसलेली. मी रागावले, त्याची नाडी बघितली, पायावरची सूज बघितली, औषधांवर लेक्चर दिलं. तो ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "बेबी, मला तुला एक…" आणि दम घ्यायला थांबला. मी त्याच्या हातावर थोपटलं. "हो रे, कळतंय मला. वहिनींची काळजी नको करूस, निखिलची पण नको. मी आहे ना! बोलू नकोस, दम लागतोय." डॉक्टर म्हणून मी बरोबरच होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि मान हलवली. मी त्याला धरून जिन्याने वर आणलं, जेवले आणि घरी आले.

परवा वहिनींनी विचारलं, "बेबी, त्या रविवारी तुमचं खाली बराच वेळ चाललं होतं. काही म्हणाले का हो हे?" मी म्हटलं, "म्हणत होता, वहिनी. मी म्हणू दिलं नाही." आणि मग मला जे रडू आलं ते त्या टोस्टच्या दिवसापासून राहिलेलं सगळं होतं. वहिनींनी मला रडू दिलं.

आता दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते आणि थोडा वेळ खाली जाऊन बसते. दादाची खुर्ची तिथेच आहे, शेजारच्या स्टुलावर नख्यांची डबी आणि ती पोलादी कांडी. वहिनींनी काहीच हलवलेलं नाही. तो काय सांगणार होता याचे शंभर अंदाज मला करता येतील. त्याचं वाक्य मी आयुष्यभर पुरं करत आले, हेही करता येईल. मी करत नाही. समोर बसते आणि थांबते.