तळ्यात न बुडालेलं पोर

पोहता येत नसताना दुसऱ्याच्या म्हशीपायी धरणात उडी का मारावी माणसानं? म्हैस तर आपली आपण पोहून बाहेर आली! दादा आला नाही. तीन महिने झाले. आईला विचारलं, ती चूल फुंकत राहिली. चुलते म्हणाले, "वेळ आलती." हे काय उत्तर झालं?

बरं, रडायला नाही बोलावलं तुम्हाला. चहा घ्या, माझी फजिती ऐका.

विंझरजवळ एका फार्महाऊसवर पुण्याचे प्राध्यापक येणार होते. तत्त्वज्ञानाची कार्यशाळा! दादा आचारी. जेवणाची ऑर्डर त्यानं घेतलेली, त्याची शेवटची. त्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी उभा राहिलो. मी, आठवी नापास, भाताला पाणीसुद्धा अंदाजानं घालणारा!

"मॅडम, विषय काय हाय?" मी मुख्य बाईंना विचारलं.

"माणूस एखादी गोष्ट करतो, त्यामागं कारण काय असतं, आणि ते योग्य कधी म्हणायचं."

मी हबकलोच. मी गावभर विचारत हिंडतोय आणि उत्तरं देणारे टेम्पोभर हितं!

इंद्रायणीचा भात चुलीवर चढवला आणि चहा घेऊन आत गेलो. एक सर हातवारे करत सांगत होते, "तळ्यात लहान मूल बुडतंय. काठावर एकच माणूस. त्याला पोहता येत नाही. त्यानं काय करावं?"

आणि वीस माणसं वहीत लिहून घेतायत!

"लिवताय काय? पळा की!" किटली टाकली आणि मी सुटलो. मागंच तळं. कपड्यांसकट उडी!

पाणी किती? कमरेएवढं. खाली गुडघाभर चिखल. "बाळा, कुठं हायेस रं?" ओरडत चाचपतोय. हाताला काहीतरी लागलं. "घावलं!" म्हणून वर काढलं, तर कुणाचा तरी गमबूट!

काठावर अख्खी कार्यशाळा गोळा झाली.

"अहो, ते फक्त उदाहरण होतं!" सर ओरडले.

"कुणाचंबी असू द्या, बुडतंय न्हवं?"

शेवटी मॅडमनी हात देऊन ओढून काढलं. "तुम्हाला पोहता येतं?"

"न्हाई."

"मग उडी का मारलीत?"

मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं हो. "बुडतंय म्हनला, मारली," एवढंच आलं.

वीस शिकलेली माणसं, पण हे कुणी वहीत लिहून घेईना. मला एकदम दादा दिसला. तोही असाच उभा राहिला असता, चिखलानं माखलेला, तोंड उघडं टाकून.

तेवढ्यात सरांनी नाक वर केलं. "काही जळतंय का?"

भात!

वरवरचा भात सगळ्यांनी निमूट खाल्ला. मॅडमनी तर दोनदा मागून घेतला. संध्याकाळी पातेल्याच्या तळाची काळी खरवड खरवडून काढली, पळसाच्या पानावर घेतली आणि जाताना धरणाच्या काठावर ठेवली. या वेळी त्याला ‘का’ म्हणून विचारलं नाही. लहानपणी खरवडीसाठी दादा माझ्याशी मारामारी करायचा.

"खा," म्हणालो, "भात करपवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात न्हाई."